एक रकाना वाढवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या जिल्हा पानावर एक बातमी होती. पोटातल्या महाधमनीचा फुगा काढून एका शेतकऱ्याला जीवदान मिळालं, अशी. चार डॉक्टर, मधे पुष्पगुच्छ, आणि पलंगाला टेकवून बसवलेला रुग्ण, छातीपर्यंत पांघरूण ओढलेला. बातमी वाचून बरं वाटलं हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, म्हातारा जळतोय. पण माझी नजर त्या पांघरुणावरून हलेना. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच पानावर याच शस्त्रक्रियेची बातमी आली होती आणि तेव्हा पांघरुणात मी होतो. ‘रुग्णाची प्रकृती ठणठणीत आहे’ असं शेवटी छापलं होतं. फोटो काढला त्या दिवशी मला कमरेखालचं एक बोटसुद्धा हलवता येत नव्हतं.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. माझं नाव-पत्ता सोबतच्या कागदावर आहे, तो कृपया छापू नये. छापलात तर लोक डॉक्टर ओळखतील, आणि त्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात बेचाळीस वर्षं दिवाणजी होतो. शेतकऱ्याच्या पट्ट्या करायच्या, कीर्द लिहायची, खतावणी घालायची, दिवाळीला वह्या बदलायच्या. राजापुरी हळदीची आवक सुरू झाली की रात्रीचे अकरा वाजायचे, आणि त्या रात्री चहा-बिडीवर निघायच्या. दिवसाला एक बंडल, हंगामात दीड. सौ. ओरडायची. मी म्हणायचो, हिशेब जुळला की सोडतो. हिशेब रोज जुळायचा, बिडी मात्र सुटली नाही.

२०१८ च्या दिवाळीनंतर लघवीला अडखळायला लागलं म्हणून विश्रामबागेत सोनोग्राफीला गेलो. प्रोस्टेट बघता बघता त्या डॉक्टरांचा हात बेंबीच्या वर सरकला आणि तिथेच थांबला. “काका, पोटात धडधड जाणवते का कधी?” जाणवत होती की! दुपारी आपला पेपर पोटावर पालथा टाकून पडलो की पेपर ठोक्याठोक्याला हलायचा. नातू ते बघून खिदळायचा. आम्ही म्हणायचो, गॅस.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. पोटात ती मणक्याला लागून खाली उतरते आणि बेंबीपाशी तिचे दोन फाटे होऊन पायांकडे जातात. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटीमीटर. तीन झाली की फुगवटा म्हणतात, पुरुषांत साडेपाचला पोहोचली की शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू होतं. माझी ६.८ निघाली. फुटली तर बहुतेक माणसं वाचत नाहीत, कित्येक तर दवाखान्यापर्यंतही जात नाहीत. धूम्रपान, पुरुषाचा जन्म, पासष्टीपुढचं वय आणि रक्तदाब, ही या आजाराची मुख्य खाती, आणि चारही माझ्या नावावर. इंग्लंडात पुरुषाला पासष्टावं वर्ष लागलं की सरकार पत्र पाठवून पोटाची सोनोग्राफी करायला बोलावतं. आपल्याकडे ती प्रोस्टेटच्या निमित्ताने होते. झाली तर.

सर्जन चांगले होते, वेळ देऊन बोलले. धीर द्यायला म्हणाले, “आइनस्टाइनलाही हेच होतं.” मी विचारलं, “मग पुढं काय झालं त्यांचं?” तर त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. नंतर कळलं, १९४८ साली त्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं होतं, आणि १९५५ साली तो फुटला तेव्हा म्हाताऱ्याने शस्त्रक्रियेला नकार दिला. जांघेतून जाळी सरकवून फुगा आतून बंद करायची सोयही आता आहे, १९९० साली अर्जेंटिनात पारोडी नावाच्या सर्जनने ती सुरू केली. पण माझा फुगा किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या इतका जवळ होता की जाळीला धरायला वर जागाच नव्हती. म्हणजे पोट उघडून, फुगलेला भाग बाजूला करून, तिथे कापडी नळी शिवायची. फुगा काढून दुसरी नळी जोडायची ही पद्धत १९५१ साली पॅरिसला पहिल्यांदा झाली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. म्हटलं, जुनी आहे, भरवशाची असेल.

आणि ती भरवशाची आहेही.

सही करताना मात्र माझ्या हातून आयुष्यभराची शिस्त मोडली. बेचाळीस वर्षांत न वाचता मी कशावर सही केली नव्हती. मालकाच्या चेकवरसुद्धा आधी माझी नजर फिरायची, मग मालकाची सही. संमतीपत्र चार पानी, इंग्रजी, बारीक टायपात. मी चष्मा शोधायला लागलो तर मुलगा म्हणाला, “बाबा, सगळीकडे तेच लिहिलेलं असतं, करा सही.” केली. पुढे भाचीने ते कागद वाचून दाखवले. तिसऱ्या पानावर, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, किडनी, हृदयविकार अशा रांगेत, शेवटून दुसरा शब्द होता पॅराप्लेजिया. मराठीत ‘कमरेखालचा लकवा’ असं लिहिलं असतं तरी मी सही केलीच असती. ६.८ सेंटीमीटरचा फुगा घेऊन दुसरं काय करणार? पण निदान शुद्धीवर आल्यावर माझा मीच पाय हलवून पाहिला असता आणि न हलला तर आरडाओरडा केला असता. काय बघायचं ते माहीत नव्हतं म्हणून मी पडून राहिलो.

त्या रात्रीची कीर्द माझ्याकडे आहे. म्हणजे दवाखान्याचे कागद. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात. मी मागितले, त्यांनी दिले, कटकट केली नाही. आयसीयूतला मोठा ताव, आडवे तास, उभे रकाने. रक्तदाब, नाडी, ताप, ऑक्सिजन, लघवी किती झाली, पोटातल्या नळीतून किती आलं. आणि ‘दोन्ही पायांची नाडी’. दर तासाला सिस्टर येऊन पावलावर पेनासारखं यंत्र टेकवायच्या, त्यातून सूं-सूं आवाज यायचा, त्या लिहायच्या: उजवा आहे, डावा आहे. नवी नळी शिवल्यावर पायाकडे रक्त जातंय की नाही ते असं बघावंच लागतं. संध्याकाळी सहापासून सकाळी नऊपर्यंत पंधरा वेळा माझ्या दोन्ही पावलांची अशी नोंद झाली आहे, अक्षर सुवाच्य आहे, एकही तास चुकलेला नाही.

पंधरा वेळा माझे पाय हातात घेतले, आणि एकदाही कुणी म्हणालं नाही, “काका, अंगठा हलवा.”

मी विचारलं होतं. आठच्या सुमारास जीभ सुटली तेव्हा म्हटलं, पाय जड लागतायत. सिस्टर म्हणाल्या, “पाठीत नळी आहे ना काका, भुलेची. उतरेल सकाळपर्यंत.” खरंच होतं. वेदना कमी व्हाव्यात म्हणून पाठीच्या कण्यापाशी एक बारीक नळी ठेवली होती, एपिड्युरल म्हणतात, आणि पंपातून औषध थेंब-थेंब चाललं होतं. सौ.ला दहा मिनिटं आत सोडलं होतं. तिने पावलांवरून हात फिरवला. “गरम आहेत हो,” म्हणाली. तिचा हात मला कळला. तेवढ्यावर आम्ही दोघं निश्चिंत झालो.

सकाळी नऊला फिजिओथेरपीची एक मुलगी आली, शिकाऊच असावी, खिशाला नावाची पट्टी तिरकी लावलेली. छातीचे व्यायाम करून घ्यायला आली होती. जाता जाता म्हणाली, “आता पायाची बोटं वर-खाली करा, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून.” मी केली. म्हणजे मला वाटलं, मी केली. ती बघत उभी राहिली. “काका, करा ना.” मी म्हटलं, करतोय की. तिने पांघरूण उचललं, पाहिलं, आणि पळत गेली. त्या मुलीला मी नंतर पेढे पाठवले होते.

मग धावपळ झाली. पंप बंद केला. एमआरआयला नेलं, भुलेच्या नळीपाशी रक्त साकळलं नाही ना ते बघायला. नव्हतं. दुपारी कमरेत सुई घालून दुसरी नळी बसवली, मज्जारज्जूभोवतीचं पाणी थोडं थोडं काढायला. रक्तदाब औषधं देऊन चढवला. तिसऱ्या दिवशी डावा गुडघा थोडा उचलला. आज सहा वर्षांनी डाव्या पायाचं तेवढंच माझं आहे. उजवा पाय, लघवी आणि शौच गेले.

हे का झालं ते मला भाचीने सांगितलं. बहिणीची मुलगी, तेव्हा भूलशास्त्रात एम.डी. करत होती. मी म्हटलं, “मला चित्र नको दाखवूस, कृष्णेवरच्या म्हैसाळच्या बंधाऱ्याचं उदाहरण घेऊन सांग.” तिने सांगितलं. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक धमनी पुढून जाते आणि दोन मागून. पुढची एकटी दोन तृतीयांश रज्जू पोसते. पण ती इतकी लांब आणि बारीक की वाटेत मोठ्या नदीतून पाणी येऊन मिळाल्याशिवाय तिचं भागत नाही. कमरेकडच्या भागाला असं पाणी देणारा मुख्य ओढा एकच. त्याचं नाव अडामकीविचची धमनी, पोलंडच्या अडामकीविच नावाच्या माणसाने १८८१-८२ च्या सुमारास तिचं वर्णन केलं म्हणून. बहुतेकांत ती डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या दरम्यान निघते. म्हणजे पोटातल्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला चिमटा लागतो त्याच्या वर, म्हणून बहुतेक लोक सुटतात. काहींच्यात ती खाली, कमरेच्या मणक्यापाशी निघते. काहींच्यात ती वर असूनही अपुरी असते आणि रज्जू कमरेच्या लहान धमन्यांवर, ओटीपोटातून येणाऱ्या फाट्यांवर तग धरून असते.

नळी शिवायची तर वरून प्रवाह थांबवावा लागतो. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की खालची नदी आटते, तसंच. नदीकाठच्या विहिरी एकदम आटत नाहीत, त्यांना थोडा दम असतो. पण बर्गे किती वेळ राहिले, काढले तेव्हा पाणी किती जोराने आलं, ओढ्याचं तोंडच गाळाने बुजलं का, यावर पुढचं ठरतं. माझा फुगा वर होता म्हणून चिमटा किडनीच्याही वर लावावा लागला. तो ३८ मिनिटं होता. काढला तेव्हा रक्तदाब एकदम कोसळला, तो सावरायला वेळ गेला. हे सर्जननी मला स्वतः सांगितलं, मी विचारण्याआधी.

पण मला जे कळलं ते त्या तावावरून. आपण दिवाणजी, आपल्याला आकडेच बोलतात. भाची म्हणाली, “मामा, रज्जूला रक्त किती जोराने मिळतं त्याची वजाबाकी असते. सरासरी रक्तदाबातून रज्जूभोवतीच्या पाण्याचा दाब वजा करायचा.” सरासरी काढायची रीतही तिने सांगितली: खालच्या आकड्याची दुप्पट, त्यात वरचा मिळवायचा, भागिले तीन. मी त्या रात्रीचे पंधरा तास मांडले. रक्तदाब रात्रभर ९२/५४ च्या आसपास. सरासरी ६७. दुसऱ्या दिवशी पाठीतली नळी बसवली तेव्हा पाण्याचा दाब १५ भरला. शिल्लक ५२. पाय गेलेत हे कळल्यावर त्यांनी सरासरी ९० वर नेली आणि पाणी काढून दाब १० वर आणला. शिल्लक ८०. म्हणजे रात्रभर माझ्या मज्जारज्जूचं खातं जवळजवळ तीस रुपयांनी कमी चालवलं होतं, आणि तावावर त्या ९२/५४ च्या शेजारी कुणीतरी ‘स्थिर’ लिहिलं होतं. टाक्यांतून रक्त येऊ नये म्हणून दाब जरा कमीच बरा, असा हिशेब होता तो. चुकीचा नव्हता. पाय हलत असते तर बरोबरच होता.

डॉक्टरांच्या बाजूने लिहायचं ते लिहितो. चिमट्याच्या वेळीच रज्जू मेली असेल तर रात्री काही करूनही पाय आले नसते, असं सर्जन म्हणाले आणि भाचीही म्हणाली. जे पाय तासा-दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जातात ते परत यायची शक्यता जास्त. माझे यातले कुठले? ते कधीच कळणार नाही, कारण सहा ते नऊ या पंधरा तासांत कुणी पाहिलं नाही. माझी खंत एवढीच आहे. आलेच असते असं मी म्हणत नाही.

हा लकवा क्वचित होतो म्हणूनच नजरेतून सुटतो. १९७८ साली डेट्रॉइटच्या सर्जनांनी पोटातल्या महाधमनीच्या तीन हजारांवर शस्त्रक्रियांचा हिशेब छापला, त्यात मज्जारज्जूला इजा झालेले चारशेत एक. फुगा छातीपासून पोटापर्यंत असेल तर गोष्ट वेगळी. ह्यूस्टनच्या १५०९ रुग्णांचा हिशेब १९९३ साली आला, त्यात १६ टक्के लोकांचे पाय कमी-जास्त गेले होते. म्हणून छातीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून पाय बघतात, कमरेत नळी आधीच घालून ठेवतात. पोटाच्या वेळी चारशेत एक. एखाद्या वॉर्डातली सिस्टर निवृत्त होईपर्यंत तिला असा रुग्ण भेटणारही नाही. तिच्या डोक्यात ते येणार कसं? तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हातात ताव होता, आणि तावावरचे सगळे रकाने तिने भरले होते.

तर संपादक महाशय, माझं मागणं एवढंच. त्या तावावर एक रकाना वाढवावा. ‘पायाची हालचाल: उजवा, डावा.’ पायाची नाडी बघायला सिस्टर येतच असतात, पाय हातात घेतलेलाच असतो. “अंगठा हलवा” म्हणायला दोन सेकंद लागतात. पाठीत भुलेची नळी असली तरी विचारायचं. भाची सांगते, वेदना मारण्यापुरतं औषध असेल तर पाय जड लागतील, पण पार निपचित पडायला नकोत. पडले तर पंप थांबवायचा, दर अर्ध्या तासाने बघायचं, चार तासांत हालचाल आली नाही तर एमआरआय. ‘उतरेल सकाळपर्यंत’ हे वाक्य सांत्वनासाठी ठीक आहे, उपचार म्हणून नाही.

मी हे त्या रुग्णालयाला कळवलं होतं. पट्टीने आखून, रकाना घालून, नमुन्याचा ताव पोस्टाने पाठवला. सर्जनचा फोन आला. म्हणाले, “तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं, पण हे फॉर्म वरून छापून येतात.” आता यावर काय बोलणार? आमच्या वहीत रकाना कमी पडला तर आम्ही छापखान्याची वाट बघत नव्हतो, पट्टी-पेन घेऊन आखत होतो.

आता थोडं पायांविषयी, कारण लोक विचारतात आणि मला तोंडी सांगायचा कंटाळा येतो. माझे पाय बधिर आहेत असं सगळे समजतात. तसं नाही. पुढची धमनी बंद पडली की हालचाल जाते, दुखणं जातं, गरम-गार कळणं जातं. स्पर्श मात्र मागच्या बाजूने येतो, तो राहतो. डोळे मिटूनही माझा पाय सरळ आहे की वाकडा हे मी सांगू शकतो. फक्त तो माझं ऐकत नाही. पहिल्या हिवाळ्यात सुनेने मायेने गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली. पिशवी आहे हे मला कळत होतं, ती भाजतेय हे नाही. घोट्यावरची ती जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून घरात नियम आहे, माझ्या पायाशी काही ठेवायचं तर आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं.

त्याच वर्षी ऑगस्टात महापूर आला. आमचं घर गावभागात, पहिल्या मजल्यावर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मला खुर्चीसकट चौघांनी जिन्यावरून बोटीत उतरवलं. बोटीतला जवान म्हणतो, “काका, पाय आत घ्या, पाय.” माझा एक पाय बाहेर पाण्यात लोंबत होता. पाणी लागतंय हे मला समजत होतं. गार आहे हे समजत नव्हतं. नातवाने तो उचलून आत ठेवला.

बाकी दिनक्रम. दिवसातून पाच वेळा नळी घालून लघवी काढायची, मी स्वतः काढतो, वही ठेवली आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सौ. गजर न लावता उठते. सहा वर्षांत पाठीला एकदाही जखम झालेली नाही आणि याचं श्रेय कुठल्याही बातमीत येणार नाही म्हणून इथे लिहितो. भेटायला येणारे मला मुरलीकांत पेटकरांची आठवण करून देतात. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कण्यात गोळी अडकली, कमरेखाली अधू झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक आणलं. अभिमान आहेच. पण कृष्णाकाठी जन्म जाऊनही मला दोन्ही पाय धड असताना पोहता येत नव्हतं, हे त्या सज्जनांना कसं सांगावं कळत नाही.

हे पत्र आत्ता का? गेल्या महिन्यात यार्डातला आमचा जुना तोलार मुलाला घेऊन घरी आला. त्याचाही फुगा निघाला, ६.१ चा. “दिवाणजी, तुमच्याकडं बघून हात-पाय गळाले. करू का नको?” मी म्हटलं, कर. चारशेत तीनशे नव्याण्णव जणांचे पाय शाबूत राहतात. मी त्याच्याशी बोललो तितका वेळ त्याच्या मुलाशी बोललो. त्याला सांगितलं, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना विचार, पाठीत नळी ठेवणार का आणि रात्री पाय कोण बघणार. संमतीपत्र मराठीत माग, नसेल तर वाचून दाखवायला सांग. आणि आत सोडतील तेव्हा बापाला “कसं वाटतंय” विचारू नकोस, अंगठा हलव म्हण.

पोरगं शब्दाला जागलं. आत सोडत नव्हते तर दर तासाला दाराच्या काचेवर टकटक करून सिस्टरना विचारायचं, “आप्पांनी अंगठा हलवला का?” तिसऱ्या वेळेला त्या चिडल्या. चौथ्या वेळेला म्हणे त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि म्हणाल्या, “हलवला, दोन्ही. जा, चहा घे.” तोलार परवा घरी आला, जिना चढून. मला त्याच्या पावलांचा आवाज खालपासून येत होता.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुष्पगुच्छाचा फोटो जरूर काढावा. फक्त रुग्ण घरी गेल्यावर, महिन्याभराने, आणि शक्यतो उभा राहिलेला काढावा. उभा राहता येत नसेल तर तेही छापावं, तेवढी जागा जिल्हा पानावर असते.

जाता जाता, २०१९ च्या त्या बातमीत माझं वय ७२ छापलं होतं. मी तेव्हा ६६ चा होतो. आता ७२ पूर्ण झाली, तेव्हा त्या आकड्याची दुरुस्ती छापायला नको. ‘ठणठणीत’चं तेवढं बघावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त दिवाणजी
गावभाग, सांगली